गर्दीच्या तोंडाचा वास

खेळाच्या मैदानावर दारू विकू नये, हे माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं. ते पुस्तकांतून आलेलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या गावांत आम्ही बायकांनी ‘आडवी बाटली’ची मतदानं लढवली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद होतं. पगाराच्या रात्री घरात काय घडतं, ते मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या अंगावर दिसायचं. ज्या बाईच्या दंडावर वळ आहेत तिला दारूच्या बाजूचा युक्तिवाद ऐकवायची माझी कधी हिंमत झाली नाही, आजही होणार नाही.

त्या कामात असताना एक हिशेब मनात बसला: दारू आली की दंगा येतो, दारू गेली की शांतता येते. मला क्रिकेटचं आणि फुटबॉलचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे हाच हिशेब मी मैदानालाही लावला. व्याख्यानांमधून उदाहरणं द्यायचे, आणि ती सगळी खरीच होती. १० मे १९८० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिकनं रेंजर्सला १-० असं हरवून स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानात उतरून एकमेकांवर तुटून पडले. घोडेस्वार पोलिसांना मध्ये घुसावं लागलं. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये फुटबॉलच्या मैदानांवर दारूबंदीचा कायदा झाला. १९८५ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी वेगळा कायदा आला: जिथून खेळ दिसतो अशा जागी बसून दारू प्यायची नाही, आणि सामन्याला निघालेल्या खास बसगाड्यांमधूनही न्यायची नाही. सुधारलेले देश हे करतात, मग आपण कसला विचार करतोय, असं मी श्रोत्यांना विचारायचे.

या मताला पहिला धक्का घरातूनच बसला. माझे मामा १९६९ च्या नोव्हेंबरात ब्रेबर्न स्टेडियमवर हजर होते. बिल लॉरीचा ऑस्ट्रेलियन संघ आला होता. भारताचा दुसरा डाव कोसळत असताना वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. बॅट लागलीच नव्हती, असं रेडिओवरचा समालोचक म्हणाला. स्टँडमधल्या कितीतरी लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते, त्यामुळे हे बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. खुर्च्या पेटल्या, बाटल्या मैदानात आल्या, धुरामुळे गुणलेखकांना खेळ दिसेना. मी मामांना विचारलं, लोक प्यायलेले होते का? मामा म्हणाले, “अगं, स्टँडात चहा आणि कोल्ड्रिंकशिवाय मिळत काय होतं? बाटल्याही त्याच होत्या.” राज्यात तेव्हा दारूबंदीचा कायदा लागू होता.

मग मी आपल्याकडच्या दंग्यांकडे नीट पाहू लागले. जानेवारी १९७५, वानखेडेवरची पहिलीवहिली कसोटी. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं आणि एक तरुण त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मारलं. त्यावर स्टँड खवळले आणि खेळ बराच वेळ बंद राहिला. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी: भारताची ८ बाद १२० अशी अवस्था झाल्यावर बाटल्या आल्या, आसनांना आगी लागल्या आणि सामनाधिकारी असलेल्या त्याच लॉइडनं सामना श्रीलंकेला बहाल केला. यांतल्या एकाही स्टँडमध्ये दारूचा ठेला नव्हता. कुठे पंचांचा निर्णय, कुठे लाठी, कुठे अपेक्षाभंग. दारूशिवायही माणसं पेटतात, हे मला मान्य करावं लागलं. तरीही मी म्हणायचे, दारू असती तर याहून वाईट झालं असतं. त्यात तथ्य असेलही.

माझं मत मुळातून हललं ते हिल्सबरोचा अहवाल वाचताना.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डमधल्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. उभं राहून खेळ पाहायच्या जागा त्या काळी लोखंडी जाळ्यांनी कप्प्याकप्प्यांत तोडलेल्या असत. ही जाळी हुल्लडबाजांना मैदानात येऊ न देण्यासाठी होती. लिव्हरपूलच्या चाहत्यांना ज्या टोकानं आत जायचं होतं तिथे फिरती दारं इतकी थोडी होती की एवढी माणसं वेळेत आत जाणं शक्यच नव्हतं. बाहेर श्वास कोंडू लागला तेव्हा पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. फाटकासमोर बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उतरत होता. ते कप्पे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याचं तोंड अडवून लोकांना तिकडे वळवणारं कोणी नव्हतं. पुढची माणसं जाळीवर चिरडली गेली. ९७ जण गेले. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता. सत्त्याण्णवावा माणूस २०२१ मध्ये गेला, त्या दिवशीच्या इजांमुळेच.

माणसं मरत होती त्याच वेळी बंदोबस्ताच्या प्रमुखानं सांगितलं की चाहत्यांनी फाटक जबरदस्तीनं उघडलं. ते खोटं होतं. पाठोपाठ दारूची गोष्ट आली. मृतांच्या रक्तात मद्य आहे का हे तपासलं गेलं, मुलांच्याही रक्तात. ज्यांच्या रक्तात काही सापडलं त्यांच्या नावावर जुने गुन्हे आहेत का, हे पोलिसांच्या नोंदींत धुंडाळलं गेलं. ‘द सन’नं पहिल्या पानावर दारुड्या चाहत्यांच्या दुष्टपणाच्या कहाण्या सत्य म्हणून छापल्या. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीनं त्याच वर्षी मुख्य कारण पोलिसांची व्यवस्था कोसळणं हेच असल्याचं सांगितलं होतं, तरी दारूची गोष्ट लोकांच्या मनातून गेली नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं कागद उघड केले तेव्हा कळलं, पोलिसांच्या १६४ जबाबांमध्ये फेरफार झाले होते आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांवरची टीका काढून टाकली होती. २०१६ मध्ये ज्युरीनं निकाल दिला की मृत्यू बेकायदा होते आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. त्यासाठी आईबापांना सत्तावीस वर्षं कोर्टांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

रक्ततपासणीचं ते प्रकरण वाचून मी अहवाल मिटून ठेवला. दहा वर्षांच्या मेलेल्या मुलाच्या तोंडाचा वास घेणारी ती नजर मला ओळखीची वाटली. गर्दी प्यायलेली असणार हे आधी ठरवायचं, मग फाटकं किती होती, बोगद्याशी कोण उभं होतं, हे कुणी विचारायचंच नाही. गावात दारूचा दोष सांगताना मी बाईच्या बाजूनं उभी असते. मैदानाबाबत तोच दोष सांगताना मी नकळत फाटकाच्या मालकाच्या बाजूला जाऊन उभी राहत होते.

त्यानंतर जुनी उदाहरणं पुन्हा वाचली तेव्हा ती वेगळी दिसली. क्लीव्हलंडचं उदाहरण मी नेहमी द्यायचे: ४ जून १९७४, बेसबॉलचा सामना, गर्दी जमवण्यासाठी क्लबनं बियरचा पेला दहा सेंटला लावला. एरवी तो पासष्ट सेंटला मिळे. एका वेळी सहा पेले घेता येत, आणि पुन्हा रांगेत उभं राहायला काही अडकाठी नव्हती. पाहुण्या टेक्सस रेंजर्सशी आठवड्यापूर्वीच मारामारी झालेली, वातावरण आधीच तापलेलं. नवव्या डावात ५-५ अशी बरोबरी असताना प्रेक्षक मैदानात घुसले, टेक्ससच्या खेळाडूंना बॅटी घेऊन आपल्या सहकाऱ्याला वाचवायला धावावं लागलं, आणि पंचांनी सामना पाहुण्यांना दिला. इथपर्यंत मी सांगायचे. पुढचं मला ठाऊकच नव्हतं. त्याच जुलैत त्याच क्लबनं पुन्हा दहा सेंटची बियर विकली, प्रेक्षकही पहिल्यापेक्षा जास्त आले, पण स्वस्तातले पेले माणशी दोनच ठेवले. तसं काही घडलं नाही. गाव तेच, बियर तीच, दर तोच. बदललं ते विकणाऱ्याचं वागणं.

म्हणून आता माझा राग पिणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यावर अधिक आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानांवर सातव्या डावानंतर बियर बंद करायची रीत आहे, लोकांनी शुद्धीवर येऊन घरी गाडी चालवावी म्हणून. २०२३ मध्ये नव्या नियमानं सामने लवकर संपू लागले, तेव्हा काही क्लबांनी विक्री आठव्या डावापर्यंत ओढली. फिलाडेल्फियाच्या मॅट स्ट्राम या खेळाडूनं विचारलं की सामना आखूड झाला तर विक्री आधी बंद व्हायला हवी, ती पुढे कशी जाते? या माणसाचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात. आपल्याकडे स्टँडमध्ये दारू मिळत नाही याचा आपल्याला अभिमान आहे, पण आयपीएलच्या एका संघाचं नाव व्हिस्कीवरून आलेलं आहे आणि सोड्याच्या आडून मद्याच्या जाहिराती झळकतात. पोरांच्या टीशर्टवरून दारूचं नाव मैदानात येतं, त्यावर मात्र आमच्या चळवळीनंही म्हणावा तसा आवाज उठवला नाही.

दारू निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ११ जुलै २०२१ ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी वेम्बलीबाहेर सकाळपासून पिणं चाललं होतं. तिकीट नसलेले लोक दरवाजे फोडून आत शिरले. कुणी मेलं नाही ते नशिबानं, असा लुईझ केसी यांच्या अहवालाचा सूर आहे. पण ती दारू मैदानात विकलेली नव्हती, रस्त्यावर प्यायलेली होती. १९८५ चा कायदा तिथे काही करू शकला नाही. जागेवर पेला नेता येत नाही म्हणून इंग्लंडमधला फुटबॉलचा प्रेक्षक सामन्याआधी भराभर पितो आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत पुन्हा घशात ओततो. क्रिकेट आणि रग्बीच्या प्रेक्षकाला तो कायदा लागूच नाही. ट्रेसी क्राउच यांच्या २०२१ च्या अहवालानं खालच्या स्तरावरच्या काही क्लबांमध्ये जागेवर पिऊ देऊन पाहा, अशी शिफारस केली ती म्हणूनच. पूर्वी मी या शिफारशीला शरणागती म्हटलं असतं. आता मला ती करून पाहण्यासारखी वाटते.

४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण चेंगरून गेले. आयपीएलच्या विजयाचा सोहळा एका दिवसात ठरवला, पस्तीसेक हजारांच्या मैदानावर लाखोंचा लोट आला. त्या संध्याकाळी माझ्या आसपासची माणसं म्हणू लागली, पोरांना अक्कल नाही, प्यायलेली असतील. मी पहिल्यांदा त्या बोलण्याला विरोध केला. कोणती फाटकं उघडी होती आणि फुकट प्रवेशाची घोषणा कुणी केली, ते आधी विचारा, म्हणाले.

चळवळीतल्या माझ्या सहकारी ताईंना माझं हे बदललेलं मत पटलेलं नाही. त्या म्हणतात, “तू वाचलेल्या अहवालांतून बोलतेस. माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्यायलेला पुरुष बसला आणि अंगावर कलंडला, तर तुझा टेलर येणार आहे का?” हा प्रश्न मी टाळत नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेट मैदानांवर कुटुंबांसाठी मद्यमुक्त स्टँड असतात, हलकी बियर असते, ठराविक वेळेनंतर विक्री थांबते, प्यायलेल्याला बाहेर काढलं जातं. हे सगळं लेखी असल्याशिवाय आपल्याकडे कुणी परवाना मागितला, तर ताईंच्या बरोबरीनं मीही विरोधाला उभी राहीन. ताईंनी यावर विचारलं, “आणि दहा वाजता सामना सुटल्यावर स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर कोण असेल?” स्टेशनपर्यंतचे दिवे, महिला पोलीस आणि जादा गाड्या हीसुद्धा आयोजकाच्या परवान्याची अट असली पाहिजे, असं मी म्हणाले. ताई म्हणाल्या, तेही लिहून घे.