मधला शब्द

माझी एक विद्यार्थिनी शाळा संपवून औंढ्यात, नागनाथाच्या देवळाबाहेर वडिलांच्या पूजासाहित्याच्या दुकानात बसू लागली, तेव्हापासून टॅबवरच्या स्मरण-सरावाच्या आलेखांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. तिला डाउन सिंड्रोम आहे. उजळलेल्या चौकटींना त्याच क्रमाने बोट लावण्यात ती पाचापर्यंत पोचली होती. तो चढता आलेख मी हिंगोलीच्या प्रशिक्षणात पडद्यावर दाखवला. सगळ्यांनी वाखाणला आणि मला ते फार आवडलं. अजूनही मी तो जपून ठेवलाय.

आता वडील म्हणतात, "मॅडम, तीन जिनसा सांगितल्या की दोनच आणती."

नारळ, कापूर, बेल. गिऱ्हाईक बोलतं, दाखवत नाही, आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांची कानांनी धरलेली आठवण डोळ्यांनी धरलेल्या आठवणीपेक्षा लवकर सुटते. विल्यम्स सिंड्रोमच्या मुलांचं नेमकं उलट. बेनेट, होम्स आणि बकली यांनी 2013 साली डाउन सिंड्रोमच्या 21 मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. संगणकावरच्या सरावाने त्यांची पाहिलेलं लक्षात ठेवण्याची ताकद वाढली आणि चार महिन्यांनीही टिकली. पण पाहिलेलंच. फ्रॅजाइल एक्स सिंड्रोमच्या 100 मुलांवरचा अशाच सरावाचा 2019 चा प्रयोग मला जास्त छळतो. त्यात पातळी चढवत नेलेली मुलं आणि सोप्या पातळीवरच ठेवलेली मुलं जवळपास सारखीच सुधारली. मग सुधारलं ते कशाने? मला वाटतं, शेजारी रोज कुणीतरी मोठं माणूस बसत होतं त्याने. असं म्हटलं की सॉफ्टवेअर विकणारे नाराज होतात, होवोत. डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या मिडब्रेनच्या वर्गांनी आईबापांचे पैसे नेले ते वेगळेच. त्यांच्याबद्दल माझ्या मनात रागाशिवाय काही नाही.

मी दुकानातल्या वस्तूंचे फोटो काढून टॅबवर घातले, आवाज तिच्या वडिलांचा. सहकारी म्हणतात, ही स्मरणशक्ती नव्हे, एका दुकानाची घोकंपट्टी झाली. असेल. श्रावणी सोमवारच्या गर्दीत तिला तेवढी पुरली तर मला ती हवी आहे. तरीही मन तिथे थांबत नाही. कानाची पकडच वाढावी, हा माझा हट्ट सुटत नाही.

सध्या आवाज आधी देते, चित्र नंतर, आणि दोहोंतलं अंतर थोडंथोडं वाढवते. एका सेकंदापर्यंत तिन्ही वस्तू येतात. दोनवर गेलं की नारळ येतो, बेल येतो, कापूर राहतो. क्रम बदलून कापूर शेवटी सांगितला, तर तो येतो आणि मधे गेलेला बेल राहतो.