आमचे पोट आणि बाहेरचे खाणे

आमच्या आईच्या आयुष्यात पोट सुटण्याचा प्रश्न कधी आलाच नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करायची आणि सांजेला कण्या शिजवायची. त्याही आधी आमच्या ताटात पडायच्या, उरल्या तर तिच्या. पुढे आम्ही गाडी चालवू लागलो, चार पैसे मिळू लागले, शर्टाची बटणे ताणू लागली, तेव्हा तिला आनंदच झाला. "माह्या लेकाचं अंग भरलं," असे ती शेजारणींना सांगायची. ढाणकीत कोणी भेटले की म्हणायचे, "भाऊ, सुधारले बरं तुम्ही!" आम्हालाही ते खरे वाटायचे.

आमचा धंदा मालवाहू टेम्पोचा. आज उमरखेड, उद्या पुसद, परवा नांदेड. आठवड्यातले पाच दिवस खाणे बाहेर. सकाळी तर्री-पोहे, दुपारी ढाब्यावर शेवभाजी, माल उतरेपर्यंत समोसा, आणि जिथे थांबू तिथे चहा. मागच्या वर्षी एका आरोग्य शिबिरात कंबर मोजली, ती ९८ सेंटिमीटर भरली. उपाशीपोटी साखर ११४. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह झालेला नाही, पण तो दाराशी आला आहे." आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० च्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, हेही त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे बिटरगावच्या रस्त्याने चालू लागलो. दोन महिने चाललो. पट्ट्याचे भोक काही बदलले नाही. आम्ही वैतागलो. मग बारावीतल्या मुलीने वही काढली. आमच्या वजनाचा माणूस तासभर झपझप चालला तर साधारण अडीचशे ते तीनशे उष्मांक खर्च होतात. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम. ग्रॅमला चार उष्मांक धरले तर झाले २४०. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं चालणं चहानेच पिऊन टाकलं. समोशाचा हिशोब तर अजून बाकीच आहे!"

आम्ही डॉक्टरांना विचारले, आमच्या घराण्यात कोणी जाड नाही, मग हे आमच्याच वाट्याला का? त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाची माहिती दिली. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बाळांचा अभ्यास तिथे झाला. बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे बारीक, स्नायू कमी; पण चरबी त्या मानाने टिकून, तीही पोटापाठीकडे. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आईच्या पोटात असताना झालेली कुपोषणाची झळ पुढे मधुमेहाला वाट करून देते, असे या संशोधनाचे म्हणणे आहे.

आम्हाला आईच्या कण्या आठवल्या. ज्या अंगाने अर्धपोटी दिवस काढले, त्यावर आम्ही तेल-साखरेचा मारा करीत होतो आणि त्याला सुधारणा म्हणत होतो.

डबा न्यावा म्हटले, तर मुलांची आई स्वतः मजुरीला जाते. आमच्या पोटासाठी तिने पहाटे चारला चूल पेटवावी, हे मनाला पटेना. म्हणून ठरवले, बाहेरच खायचे, पण बघून खायचे. पोह्यांवर तर्री घ्यायची नाही. ढाब्यावर शेवभाजीऐवजी साधे वरण किंवा उकडलेली अंडी, दोन भाकरी, कांदा-काकडी. समोशाऐवजी खिशात मूठभर फुटाणे. चहा दिवसाला दोनच, एक चमचा साखरेचे. माल उतरत असताना गाडीत न बसता आवारात फेऱ्या मारायच्या.

चालणे आठवड्याला किमान १५० मिनिटे असावे, जमल्यास ३०० पर्यंत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. छातीचे दुखणे असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. नुसत्या उठाबशांनी पोटाचीच चरबी उतरते, हा समज मात्र खोटा आहे.

आम्हा ड्रायव्हर मंडळींना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत मोठ्या निघाल्या. बसून पोट भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. भरपेट जेवून तो धापा टाकत तथागतांकडे आला. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे हलके होते, अशा अर्थाची गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती रोज जेवणाच्या वेळी म्हणायला लावली आणि हळूहळू त्याचे अंग हलके झाले. आमचा सुदर्शन म्हणजे आमची मुलगी. रोज दुपारी तिचा फोन येतो, "बाबा, किती चहा झाले?" खोटे बोलायची सोय नाही.

आठ महिन्यांत कंबर ९२ वर आली, साखर १०१ वर. अजून दोन सेंटिमीटर बाकी आहेत. मुलांची आईही आता शेजारच्या बायकांबरोबर पहाटे निघते. फक्त आमच्या मायला हे पटत नाही. "वाळला माहा लेक," म्हणत ती ताटात आणखी एक भाकरी टाकायला येते. आम्ही तिचा हात धरतो आणि सांगतो, "माय, हे वाळणं उपासमारीचं नाही. तुह्या नातवंडांसाठी जास्त दिवस जगायचं आहे."