जानेवारी हा तेरावा महिना

डिचोली

प्रिय ताई,


कोडिंगच्या सरकारी प्रशिक्षणाहून आल्या आल्या तू फोनवर जे सुनावलंस, त्याचं उत्तर लिहूनच द्यावं असं वाटलं. सहावी ते आठवीच्या पोरांनी पडद्यावर रंगीत ठोकळे एकाखाली एक चिकटवायचे, याला काय प्रोग्रामिंग म्हणायचं, असा तुझा सवाल. शिवाय, "आपल्याकडे काही नव्हतं, म्हणून आपण नीट शिकलो." पहिल्यावर मी तूर्त गप्प बसतो. दुसरं मला मुळीच मान्य नाही.

काही नव्हतं कसं? १९८८ च्या मे महिन्यात अख्ख्या पेडण्यात नसेल ती वस्तू तुमच्या माजघरात होती. मामांनी कुवेतहून आणलेला सखर कॉम्प्युटर. अल अलामिया नावाच्या तिथल्या कंपनीने जपानी कारखान्यांत करवून घेतलेला, एमएसएक्स जातीचा. एकेका बटणावर रोमन अक्षराशेजारी अरबी अक्षर. मेमरी ६४ के, त्यातली बेसिकच्या वाट्याला जेमतेम २८ के. पुण्याची डेसिबेल्स कंपनी तेव्हा स्पेक्ट्रम विकत होती, आणि केंद्र सरकारने १९८४ पासून क्लास योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. त्या निवडीत माझी डिचोलीची शाळा नव्हती. मी म्हापशाला बस बदलून मामाच्या गावी यायचो तो आंब्यांसाठी, असं आई समजायची.

आणि तू होतीस. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचणारी. मी नुसतेच गोल काढत बसलो असतो.

तुझा वारांचा प्रोग्राम आठवतो? तारीख घातली की वार सांगणारा. सूत्र कॉलेजच्या लायब्ररीतल्या कुठल्याशा पुस्तकातलं. १९ डिसेंबर १९६१ घातली, मंगळवार आला. मामा म्हणाले, बरोबर, गोवामुक्तीचा दिवस मंगळवारच. ३० मे १९८७, घटकराज्याचा दिवस, शनिवार. तोही बरोबर. मग आजीने आईची जन्मतारीख घालायला लावली, १४ जानेवारी १९५१. मशीन म्हणालं शुक्रवार. आजी म्हणाली, "संक्रांत होती आणि आयतवार होता. बाळंतीण मी होते, हे पेटाडं नव्हतं."

मी आजीला समजवायला निघालो होतो. तू मात्र वही काढलीस. तेवढ्यात वीज गेली (पेडण्याची वीज, ती जायचीच) आणि मेमरीतलं सगळं पुसलं गेलं. कंदिलाच्या उजेडात तू एकेक ओळ हाताने चालवलीस. दिवस १४, महिना १, वर्ष १९५१, प्रत्येक पायरीचं उत्तर समासात. मग पुस्तक उघडून सूत्राखालची बारीक टीप वाचलीस. या हिशेबात वर्ष मार्चला सुरू होतं, म्हणजे २९ फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी पडतो आणि मधल्या महिन्यांना त्रास देत नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हे आदल्या वर्षाचे तेरावा आणि चौदावा महिना धरायचे. १९५१ चा जानेवारी म्हणजे १९५० चा तेरावा. डिसेंबर आणि मे तपासून ही चूक कधीच सापडली नसती.

सकाळी कॅसेटवरून प्रोग्राम परत चढवला. ओळींना दहा-दहाच्या अंतराने नंबर का देतात, ते मला त्या दिवशी कळलं. ४० आणि ५० च्या मध्ये तू ४५ घातलीस: महिना तीनपेक्षा कमी असेल तर त्यात बारा मिळव, वर्षातून एक वजा कर. रविवार! आजीने वर पाहिलंसुद्धा नाही.

ती कॅसेट म्हणजे मामांच्या नाट्यगीतांची, मागच्या बाजूला उरलेली कोरी फीत. पुढे कित्येक वर्षं भैरवी संपली की तुमच्या घरात आपला प्रोग्राम किंचाळायचा.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. मामा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने एका बॅगेनिशी परतले. सखरवालेही कैरोला गेले. तुझं बी.एस्सी. अर्ध्यावर होतं. पुढे कॉम्प्युटरकडे मी वळलो आणि गणिताच्या बाई तू झालीस. आपल्या दोघांत प्रोग्रामर कोण होतं हे मला ठाऊक आहे, तू कितीही नाही म्हण.

मुख्यमंत्री पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना घरी कॉम्प्युटर मिळाले, तेव्हा मी फार हरखलो होतो. आमच्या वाड्यावरही आले. त्यांवर गाणी वाजली, गेम चालले, एकदोघांनी बायोडेटा टाइप केले. सखरच्या मानाने ती राक्षसी यंत्रं. पण शेजारी वही घेऊन बसणारं, चारपाच वर्षांनी मोठं असं कुणी त्या पोरांना नव्हतं, आणि "तुझं उत्तर चुकलंय" असं ठामपणे सांगणारी आजीही नव्हती. नसण्याने कुणी शिकत नाही गं. वाड्यावर काहीच नसलेली पोरं आपल्या वेळीही ढीगभर होती.

तेव्हा ठोकळ्यांवर रागावू नकोस. वारांचा प्रोग्राम ठोकळ्यांतही बसतो, मी करून पाहिला. हेडमास्तरांना एवढंच विचार, की सहावीच्या तासाला तुझ्या दहावीतल्या दोघीतिघी मुली येऊन बसल्या तर चालेल का. आणि पोरांना जन्मतारखा घरून विचारून आणायला सांग, जानेवारीतल्या आधी.

चवथीला येतोच आहे. गणपतीवरच्या माटोळीचे आंबाडे डिचोलीच्या बाजारातून मी आणतो, बाकीचं तू बघ. मामांना नमस्कार.

तुझा,
बाबू