खासगीपण म्हणजे लपवाछपवी नव्हे

आधी माझी स्वतःची चूक कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या व्याख्यानाचे पोस्टर मी विश्रामबागला एका मित्राच्या खोलीवर बसून मोबाईलवरच तयार केले. खाली ‘संपर्क’ म्हणून तीन नंबर टाकले. दोन मुलांचे आणि एक आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलीचा. चळवळीत मुली पुढे दिसल्या पाहिजेत, हा माझा हेतू होता. पण तिला विचारले का? नाही.

पोस्टर व्हॉट्सॲपवरून फेसबुकवर, तिथून इन्स्टाग्रामवर गेले. तिसऱ्या रात्रीपासून तिला अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. जातीवरून शिव्या, घाणेरडे फोटो. पुढे तिचा डीपी उचलून तिच्याच नावाचे बनावट खाते निघाले आणि त्यावर बाबासाहेबांबद्दल वाटेल ते लिहिले गेले. दोन्ही मुलांच्या नंबरवर मात्र असा एकही फोन आला नाही. तिचे वडील मला एवढेच म्हणाले, “पोस्टर तू केलंस, आन् भोगतीया माझी पोरगी.” तिचा फोन बंद झाला, अभ्यासवर्गही बंद झाला. तक्रार द्यायची ठरवली, तर हातात पुरावाच नव्हता. किळस येऊन तिने सगळे डिलीट केले होते आणि तसे करू नकोस, हे तिला आमच्यापैकी कोणी सांगितलेच नव्हते.

हा विषय काढला की आपले कार्यकर्ते म्हणतात, “आपण काय चोरी करतोय? बाबासाहेबांचा विचार मांडतोय, लपवायचे कशाला?” मीही हेच म्हणायचो. पण विचार उघडपणे मांडणे वेगळे आणि आपला नंबर, घराचा पत्ता, जातीचा दाखला चव्हाट्यावर टाकणे वेगळे. आपल्या समाजाला खासगीपण कधी मिळालेच नाही. वस्ती गावाबाहेर, त्यामुळे पत्ता सांगितला की जात कळायची. आजही शहरात भाड्याने खोली बघायला गेले की आधी आडनाव विचारतात. आपल्याविषयी कोणाला काय कळावे, हे कायम दुसऱ्यांनीच ठरवले. ते आपण ठरवणे ही लपवाछपवी नाही, तो स्वाभिमान आहे.

आणि ही मागणी नवी नाही. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची अवाजवी झडती वा जप्ती होता कामा नये, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, हा हक्क त्यांनी त्यात मूलभूत हक्कांमध्ये मागितला होता. तो त्या शब्दांत संविधानात आला नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. आजच्या फोनमध्ये घर, कागदपत्रे, चीजवस्तू असे सगळेच एका खिशात असते. मग तो आपण इतका उघडा का टाकतो?

धोका फक्त टवाळखोरांचा नाही. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबाबत २०१९ मध्ये ज्यांना सावध केले गेले, त्यांत आनंद तेलतुंबडे होते. भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली पेरल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. आणि जून २०२३ मध्ये शेजारच्या कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून केवढा हिंसाचार झाला, इंटरनेट बंद करावे लागले, हे आपण पाहिले. उद्या कोणी तुमचेच खाते हातात घेऊन असे स्टेटस टाकले, तर पहिला जाब तुम्हाला विचारला जाईल.

पेगासस आपल्या हाताबाहेरचे आहे. पण पुढच्या गोष्टी आपल्याच हातात आहेत. व्हॉट्सॲपला सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. ओटीपी कोणालाही सांगू नका, आपल्या ग्रुपमधल्या ‘भावाला’सुद्धा नाही, कारण त्याचेच खाते आधी चोरीला गेलेले असू शकते. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून आपले व्हॉट्सॲप दुसऱ्या कोणत्या संगणकावर चालू राहिले आहे का, ते तपासा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी जातीचा दाखला, आधार, पासबुक यांचे फोटो दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकू नका. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. मोर्चातले ठिकाण आणि मुलींचे फोटो लगेच टाकायची घाई नको, आणि विचारल्याशिवाय तर नकोच.

त्रास झालाच तर काही डिलीट करू नका. नंबर, तारीख, वेळ आणि खात्याची लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले तर तत्काळ १९३० वर फोन करा. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात द्या. सार्वजनिक पोस्टमधून जातीवरून अपमान झाला असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्याचा आग्रह धरा. इंटरनेटवरचा असा अपमानही या कायद्याखाली येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

ती मुलगी सात महिन्यांनी अभ्यासवर्गात परत आली. येताना एक अट घालून आली, “माझं नाव टाका, माझं भाषण ठेवा. नंबर मात्र मी सांगेन तेव्हाच.” आता आमच्या पोस्टरवर संपर्कासाठी मंडळाचे वेगळे सिम असते आणि ते मुलांनी पाळीपाळीने सांभाळायचे असते. हे शहाणपण मला आधी सुचायला हवे होते. तुमच्या मंडळात येत्या जयंतीचे पोस्टर करण्याआधी एवढे तरी करा.

जयभीम!