उंबऱ्यावरचा उंदीर

जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांची चूल सुरतेच्या मागांवर पेटते. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेग आला नि माणसे मिळेल त्या गाडीने ताप्ती लाइनवरून परतली. माझे आजोबाही त्यांत होते. गावाने त्यांना वेशीबाहेर, मळ्यातच राहायला लावले. फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाला होतो, म्हणून ती भीती अगदीच खोटी नव्हती. पण रोगाचे मूळ उंदरांत! उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हे शास्त्र मी आता वाचले. निरक्षर आजी मात्र कधीपासून धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवते, बिळे बुजवते, मेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू देत नाही. मित्रहो, माणसाला वेशीवर अडवण्याआधी उंदराला उंबऱ्यावर अडवायला नको काय?