समुद्रापलीकडील प्रांत

‘प्रांत’ हा शब्द नकाशावर मोठा निरुपद्रवी दिसतो. परंतु कायद्याच्या ग्रंथांत ज्याचे निम्मे आयुष्य गेले आहे, त्याला त्या शब्दाची धास्ती वाटल्यावाचून राहत नाही. १९५१ साली पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून गोव्याला वसाहत म्हणणे सोडले व ‘सागरापारचा प्रांत’ म्हणण्यास आरंभ केला. नाव पालटले, मोकळेपणाने बोलण्याची मुभा मात्र मिळाली नाही. १९६१ मध्ये ते नावही गेले. तेव्हापासून दूरच्या एखाद्या बेटाला कोणी ‘प्रांत’ म्हटले, की गोमंतकीय मनात पहिला प्रश्न उठतो : तेथील माणसाला त्यातून काय लाभले?

या प्रश्नानेच मला कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूपकडे नेले. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे हे बेट. पश्चिमेचा पंख बास-तेर, डोंगराळ व अरण्यमय. त्यावर १४६७ मीटर उंचीचा सूफ्रिएर हा जागृत ज्वालामुखी. १९७६ साली तो खवळला, तेव्हा ७०,००० हून अधिक माणसांना घरदार सोडावे लागले. पूर्वेचा पंख ग्राँद-तेर, सखल, चुनखडीचा. दोहोंमध्ये खाऱ्या पाण्याची एक चिंचोळी पट्टी.

मूळ रहिवासी या बेटास कारुकेरा म्हणत. कोलंबसाने १४९३ मध्ये स्पेनमधील एका मठावरून त्याला आजचे नाव दिले. १६३५ पासून तेथे फ्रेंचांची वस्ती झाली. १७९४ मध्ये रद्द झालेली गुलामगिरी नेपोलियनने १८०२ मध्ये पुन्हा लादली. ती कायमची संपली १८४८ मध्ये. दिलेले स्वातंत्र्य आठ वर्षांत हिरावून घेणाऱ्या सत्तेच्या कागदावर विश्वास कसा ठेवावा?

गुलाम मुक्त झाले आणि उसाच्या मळ्यांना हात कमी पडू लागले. १८५४ च्या डिसेंबरात ‘ओरेली’ जहाजातून पहिले हिंदी मजूर तेथे उतरले. १८८९ पर्यंत सुमारे ४२,००० गेले, त्यांत दक्षिणेकडील तमिळ पुष्कळ. त्यांच्याबरोबर मारिअम्मा गेली. तेथील जिभेवर ती ‘मालियेमें’ झाली. आपले मंगेश-शांतादुर्गा सोळाव्या शतकात नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. त्या देवीने तर महासागर ओलांडले आणि तेही बहुधा केवळ भक्तांच्या स्मरणातून.

देव रुजला, पण माणूस परकाच राहिला. १९०४ साली तेथील गव्हर्नराने हिंदी वंशजांची नावे मतदारयादीत घेण्यास हरकत घेतली. कापेस्तेर गावच्या आंरी सिदांबारॉम याने ती हरकत न्यायालयात आव्हानिली. तो लढा १९२३ पर्यंत, म्हणजे १९ वर्षे चालला आणि अखेर फ्रेंच सरकारने त्यांचे नागरिकत्व मान्य केले. मध्यंतरी, १९१० मध्ये, पोर्तुगालात प्रजासत्ताक येऊन गोव्यातील हिंदूंनाही नागरी समानता मिळाली होती. तो निर्णय लिस्बनमध्ये झाला. ग्वादलूपमध्ये मात्र यादीतील एकेका नावासाठी झगडावे लागले. म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते.

१९ मार्च १९४६ च्या कायद्याने ग्वादलूप फ्रान्सचा प्रांत झाला. कवी एमे सेझेर हे त्या विधेयकाचे निवेदक होते. आज तेथे पॅरिसने नेमलेला प्रीफे आहे. प्रांताची एक व प्रदेशाची एक अशा दोन निर्वाचित सभा आहेत. चलन युरो आहे. २००३ मध्ये या दोन सभा एक करण्याची योजना मतदारांनी फेटाळली. २००९ मध्ये महागाईविरुद्ध ४४ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. म्हणजे प्रांत झाल्याने सर्व दुःखे सरली असे मुळीच नव्हे.

तरीही भेद उरतोच. आम्हांला ‘प्रांत’ म्हटले गेले, तेव्हा आमचे मत कोणी विचारले नाही. ग्वादलूपच्या माणसाने २००३ मध्ये आपल्या राज्यकारभाराची योजना स्वतःच्या मताने नाकारली, आणि ते मत देणाऱ्यांत मालियेमेंचे भक्तही होते.