मामाजींच्या कानांनी

आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, शिरपूर जैनच्या अलीकडचं हे लहानसं गाव. माझे सासरे, मामाजी, यांनी ती पोथी वीस-बावीस वर्षं वाचली. बहुतेक वेळा श्रीधरस्वामींचा छत्तीस अध्यायांचा 'हरिविजय', एखाद्या वर्षी 'पांडवप्रताप'. मामाजी चौथी शिकलेले, पण ओवी कुठं तोडायची, अर्थ सांगायला कुठं थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पुढं काचबिंदू झाला. नजर कडेकडेनं आत आक्रसत गेली आणि तीन वर्षांपूर्वी दुसराही डोळा गेला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मामाजींनी पोथी बासनात बांधायला लावली आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुस्तकं वाचायची सवय मला माहेरापासून आहे, पण वाचन म्हणजे एकटीनं, मनातल्या मनात करायची गोष्ट, असंच मी धरून चालले होते. 20 मे 2025 रोजी जयंत नारळीकर गेले. उन्हाळ्याची सुट्टी होती. त्या संध्याकाळी मी त्यांचं 'यक्षांची देणगी' काढून ओसरीवर बसले. मामाजी खाटेवर पडून होते. पान उलटल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "काय वाचतं व माय? मोठ्यानं वाच ना."

म्हणून मी 'उजव्या सोंडेचा गणपती' मोठ्यानं वाचू लागले. कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, आरशात होते तशी. मध्येच मामाजींनी थांबवलं आणि देवघरातला पितळी गणपती मागवला. बोटांनी सोंड चाचपली. आमच्या गणपतीची सोंड डावीकडं. "आता हा आरशात कसा दिसन, ते सांग." मी त्यांच्या पायातली डावी चप्पल काढून हातात दिली आणि म्हटलं, ही आरशात उजव्या पायाची दिसते, कितीही फिरवली तरी इथं ती उजव्या पायात बसणार नाही, पण आरशातली बसेल. ते बराच वेळ ती चप्पल हातात फिरवत राहिले. मग विचारलं, "असा उलटा झालेल्या माणसाले आपलं जेवन पचन का?"

मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, प्रश्न अगदी बरोबर आहे. साखरेचे आणि प्रथिनांचे रेणूही डावे-उजवे असतात आणि आपलं शरीर त्यांतला एकच प्रकार नीट वापरू शकतं. ही कथा मी कॉलेजात असताना वाचली होती आणि एक चांगली कल्पना म्हणून बाजूला ठेवली होती. मामाजींनी त्या कथेतल्या माणसाच्या पोटाची काळजी केली. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, परीक्षकांनी नावाकडं न बघता कथा वाचावी म्हणून. हे सांगितलं तेव्हा मामाजी खूश झाले. "पोथी वाचनाऱ्याचंही असंच पाहिजे. नाव इसरलं पाहिजे लोकायनं."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की एक तास वाचन ठरलं. सासूबाई निवडायचं धान्य घेऊन उंबऱ्यात बसायच्या. एखादं पुस्तक संपलं की त्या शिरा करायच्या. पोथीच्या समाप्तीला प्रसाद असतो, तसा.

जून महिन्यात मारुती चितमपल्ली गेले, 18 तारखेला, सोलापुरात. आम्ही त्यांचं 'रानवाटा' लावलं. मला वाटलं होतं की मामाजींना हे पुस्तक सगळ्यात जास्त आवडेल. ते आवडलंही. टिटवीची अंडी कुठं दिसली तर पाऊस कसा, कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात बोलतं, यावर ते मधूनमधून स्वतःची भर घालायचे. पण एक दिवस रानातल्या जनावरांचं वर्णन ऐकता ऐकता गप्प झाले. त्याच आठवड्यात आमच्या वावरात रोह्यांचा कळप शिरला होता आणि उगवून आलेली तूर खुडून गेला होता. माझे यजमान तीन रात्री जागलीवर होते. मामाजी म्हणाले, "हा मानूस खोटं बोलत नाई. पन याले पेरनी कराची नव्हती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. चितमपल्लींचा वनाधिकारी म्हणून गेलेला जन्म, नवेगाव, नागझिरा, मेळघाटात काढलेली वर्षं, लोकांच्या तोंडची पाखरांची आणि झाडांची नावं गोळा करण्याची चिकाटी, याबद्दल माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण आमच्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे आणि त्याच्या कडेला वावरं आहेत. रानाबद्दल वाचताना त्या कडेवर झोपणारा माणूस आता मला दिसतो. पूर्वी दिसत नव्हता.

'कोसला' मामाजींना चाललं नाही. पंचवीस-तीस पानांनंतर म्हणाले, हे तू तुझं वाच. मी ते रात्री एकटीनं पुन्हा वाचलं. धाकट्या बहिणीच्या मरणाचा भाग आला तेव्हा पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभी राहिले. काही पुस्तकं एकट्यानंच वाचायची असतात, हेही त्या वर्षात कळलं.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला मात्र ओसरी पुरेना. शेजारचे दोघं-तिघं येऊन बसू लागले. देशमुख आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्याचे. या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला, शेतीत रुतलेला एकनाथ आणि त्याचं घर. पुस्तकातली बोली वाचताना मला कुठंच थांबून अर्थ सांगावा लागला नाही. उलट एखादा शब्द मी शाळेतल्या उच्चारात म्हटला की शेजारचे दुरुस्त करायचे. मी आधी हे पुस्तक शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी म्हणून वाचलं होतं. ओसरीवर ते एका घराच्या भांडणाचं पुस्तक झालं. कुणाचं चुकलं यावर रोज वाद. म्हातारे एकनाथच्या बापाच्या बाजूनं, पोरं एकनाथच्या बाजूनं. सासूबाईंनी मात्र एकदाच तोंड उघडलं, "त्याच्या बायकोले कोनी इचारलं का?" सगळे गप्प झाले. मी ते पान पुन्हा वाचलं. या वेळी मी तिच्या जागी उभी राहून वाचलं, कारण मीही शिकलेली, शेतकऱ्याच्या घरात दिलेली बाई आहे.

सोयाबीन भरात असताना पावसानं धार धरली. खालच्या पट्टीत पाणी साचलं, शेंगा झाडावरच फुगल्या, काहींना कोंब आले. जे सोंगलं त्याची गंजी ताडपत्रीखाली वाफाळत राहिली. त्या दिवसांत वाचन बंदच होतं. मग मामाजींनीच आठवण केली. मी हाताला येईल ते पुस्तक काढलं. ते निघालं पु. ल. देशपांड्यांचं 'एका कोळियाने', हेमिंग्वेच्या कादंबरीचा अनुवाद. मनात आलं की हे आज नको. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा कोळी, मग मिळालेला प्रचंड मासा, आणि परतीच्या वाटेवर शार्कांनी तोडून नेलेलं सगळं मांस. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही.

मामाजींनी दिवस मोजले. "चौऱ्याऐंशी. सोयाबीन शंभरेक दिवस घेते." आणखी काही बोलले नाहीत. शेवट वाचून झाल्यावर मी थांबले. होडीला नुसता सांगाडा बांधलेला. खूप वेळानं ते म्हणाले, "आनला ना पन त्यानं काठालोक." त्या रात्री शिरा झाला नाही. दुसऱ्या दिवशी यजमानांनी गंजी उलगडून वाळायला घातली. निम्मं सोयाबीन काळं पडलं होतं. उरलेलं मळणी यंत्रातून काढलं आणि पोत्यात भरून घरी आणलं. या पुस्तकाबद्दल मी विद्यार्थ्यांना जिद्द, झुंज वगैरे शब्द सांगत आले आहे. आता ते शब्द मी वापरत नाही.

दिवाळीनंतर मी वासुदेव विष्णु मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' आणलं. इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचवत नाही, म्हणून मी दिवसा वाचून रात्री सांगायची. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, त्यातला बराच भाग प्राकृतात आहे. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्मात. ज्या वाशीमला आपण दाखले काढायला आणि बाजाराला जातो, तिथं साहित्याचं लग्न लागलं, हे ऐकून ओसरीवर एकदम आनंद झाला. बायकांनी वऱ्हाडी कोण होते तेही विचारलं.

पण खरी गोष्ट पुढं होती. या शाखेचा पहिला राजा सर्वसेन. त्यानं प्राकृतात एक काव्य लिहिलं. श्रीकृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याचं. त्या काव्याचं नाव 'हरिविजय'. मामाजी खाटेवर उठून बसले. "आपल्या वाशीमचा हरिविजय?" हो. श्रीधरस्वामींच्या तेराशे वर्षं आधी. "मंग आन ना, वाच." मी सांगितलं की ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज अशा जुन्या पंडितांनी त्याचा उल्लेख केला, त्यातली थोडी वचनं घेतली, तेवढंच उरलं आहे. मामाजींना हे फार लागलं. "पोथी हारपली म्हनतं. वाचनारे नसतीन राह्यले." मग त्यांनी मला फळीवरची पोथी काढायला लावली. बासन सोडलं, पानं चाचपली, वाळवी लागली नाही याची खात्री केली. कारंज्याच्या जैन भांडारांमधली जुनी हस्तलिखितं सांभाळून राहिली म्हणून हिरालाल जैन यांना अपभ्रंशातली काव्यं उजेडात आणता आली, हे मी त्यांना सांगितलं. येत्या श्रावणात पोथी पुन्हा लावायची आणि ती मी वाचायची, असं त्याच रात्री ठरलं.

त्यानंतर 'राघववेळ' वाचलं. खरं तर हे पहिलं वाचायला हवं होतं. नामदेव कांबळे आमच्या शिरपूरचे. लोक अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येतात, ते शिरपूर. वाशीमला शिक्षक होते. या कादंबरीला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री. वालंबी नावाच्या दलित बाईचं जगणं त्यात आहे. गरिबी, जात आणि बाईपण, तिन्ही एकाच अंगावर. या पुस्तकाच्या वेळी ओसरीवरची माणसं कमी झाली. मामाजींनी एकही प्रश्न विचारला नाही, एकही शब्द दुरुस्त केला नाही. सात रात्री ते भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिले. माझ्या मते त्या वर्षातलं सर्वांत मोठं पुस्तक हेच.

आठव्या सकाळी त्यांनी मला सोबत घेतलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, मातंग वस्तीत न्यायला सांगितलं. तिथं त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आहेत, एकेकाळी आमच्याच वावरात कामाला असलेले. वाटेत मामाजींनी सांगितलं ते असं: देवळात पोथी चालायची तेव्हा या वस्तीतली माणसं देवळाच्या भिंतीपलीकडं, रस्त्यावर बसायची. ती तिथं बसतात हे वाचणाऱ्याला दिसायचं. आवाज वाढवावा, असं बावीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

त्या गृहस्थांनी खाट टाकली. मामाजींनी बसण्याआधीच विचारलं, "माहा आवाज येत होता का तुमाले?"

ते थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "येत होता ना भाऊ. पन वारं असलं त अर्धाच अध्याय पोचे."

मामाजींनी त्यांचा हात हातात घेतला. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मी दाराशी उभी होते.

येत्या श्रावणात पोथी देवळात लागणार नाही, आमच्या अंगणात लागणार आहे. त्याच गृहस्थांना मामाजींच्या खाटेवर, शेजारी बसायचं आमंत्रण दिलं आहे आणि त्यांनी येतो म्हणून सांगितलं आहे. तोवर रात्रीचं वाचन चालू आहे. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' लागली आहेत आणि ती सासूबाईंनी निवडली आहेत.